आमची काठी देताव काय?

मी डोलकाठी बोलतेय. वर बघा. नाही, घंटेकडे नको, तिला दर रविवारी बोलायला मिळतं. तिच्याही वर, कौलांच्या खाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी गेलेली, काळपट, तेलकट, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक अशी जी तुळई दिसते ना, ती मी. घर बांधणारे मला आढं म्हणतात. पण मी जन्मानं आढं नाही. मी होडीची डोलकाठी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आपला मोठेपणा दुसरा कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नसतो.

दहिसरच्या पश्चिमेला, खाडीच्या अलीकडे, खडीपाडा नावाची वस्ती आहे. तिथल्या छोट्याशा मेथडिस्ट चर्चच्या छपराखाली माझा मुक्काम आहे. चर्च हे पाटीवरचं नाव. इथली माणसं त्याला देऊळच म्हणतात, आणि शेजारचे कोळी 'खडीवाल्यांचं देऊळ' म्हणतात. उंच शिखर नाही, रंगीत काचा नाहीत. साठ माणसं दाटीवाटीनं बसतील एवढीच जागा. नाताळच्या दिवशी शंभर येतात आणि उरलेली खिडकीतून गातात. शहरातल्या मोठमोठ्या चर्चमधून पाहुणे येतात तेव्हा 'किती साधं आहे हो!' असं कौतुकानं म्हणतात. मला त्या कौतुकाचा राग येतो. भिंती डोंगराच्या आणि छप्पर दर्याचं, असं देऊळ दाखवा म्हणावं दुसरं!

माझं झाड डहाणूकडच्या जंगलात वाढलं. साग होता, सरळसोट. सुतारानं रंधा मारून मला गोल केलं आणि लहू तांडेलाच्या होडीत उभं केलं. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. लहू तेव्हा विशीतला, नुकतंच लग्न झालेला आणि नुकताच तांडेल झालेला. दोन्ही गोष्टींची त्याला सारखीच ऐट होती. शिडात वारा भरला की सगळा भार माझ्यावर यायचा, मी करकरायचे, आणि लहू माझ्या बुंध्यावर थाप मारून म्हणायचा, "घाबरू नको, मी हाय ना!" खरं तर मीच होते म्हणून तो होता. पण पुरुषमाणसाला असं तोंडावर सांगायचं नसतं.

त्याच काळात खडीपाड्याला नगरकडची माणसं आली होती. दुष्काळात गाव सोडलेली, खडीच्या खाणीत घण मारणारी, येशूला मानणारी. अंधेरीहून एक पाळकसाहेब सायकलवरून येऊन त्यांची उपासना घ्यायचे, वडाखाली. मग त्यांनी देऊळ बांधायला घेतलं. रविवारी काम करायचं नाही हा त्यांचा धर्म आणि इतर सहा दिवस खाणीतून सोडायचं नाही हा मुकादमाचा. म्हणून शनिवारी संध्याकाळी, अंगात त्राण नसताना, त्यांनी भिंती रचल्या. स्वतः फोडलेला काळा दगड, स्वतः वाहिलेला. त्यांचा म्होरक्या भीमराज साळवे. जेमतेम पंचवीस वर्षांचा, पण त्यानं लावलेला दगड कुणी हलवून दाखवावा! भिंती अशा झकास आणि वर मात्र माडाच्या झावळ्या. लाकडाला पैसा कुठला?

एका कार्तिकात वादळ आलं. आम्ही खाडीच्या तोंडाशी होतो. खडकावर होडी फुटली. मी बुंध्यापासून मोडले नाही, उपटले गेले, हे नोंदवून ठेवा. लहू आणि त्याचे दोन खलाशी मला मिठी मारून लाटांबरोबर भरकटत राहिले आणि दिवस मावळता मावळता खडीपाड्याच्या खडकांशी लागले. वर खाणीतली माणसं उभी होती. सुरुंग लावताना कमरेला बांधायचे दोर होते त्यांच्याकडे. भीमराज दोर बांधून पाण्यात उतरला आणि एकेकाला ओढून काढला. मग मलाही ओढली. का ते तेव्हा त्यालाही ठाऊक नसावं. कष्टकरी माणसाला चांगलं लाकूड वाहून जाताना बघवत नाही एवढंच.

तिघांना देवळात नेऊन बसवलं आणि थोड्याच वेळात देवळाच्या झावळ्या उडून गेल्या. ओल्या कोळ्यांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं ते गेलंच! खाणवाले आणि कोळी, बायका, पोरं, सगळे भिंतीच्या कडेला एकमेकांना चिकटून बसले. तान्ह्या मुलांना प्रभुभोजनाच्या मेजाखाली ठेवलं. भीमराजची बायको गात राहिली, बाकीचे तिच्यामागे गात राहिले. कोळ्यांना शब्द येत नव्हते. ते नुसता ठेका धरत होते.

सकाळी उघडलं. लहूनं देवळातून वर आभाळाकडे बघितलं. मग बाहेर खडकावर पडलेल्या माझ्याकडे बघितलं. भीमराजही माझ्याकडे बघत होता, पण तो बोलणाऱ्यातला नव्हता.

"होडी गेली," लहू म्हणाला. "काठी ऱ्हायली. घ्या. तुमचे देवळाला घाला."

"न्हाई, तांडेल," भीमराज म्हणाला. "तुमची रोजीरोटी हाय ती. उद्या नवी होडी बांधाल तवा लागंल."

लहूनं विचार केला. काठी देऊन टाकणारा तांडेल कोळीवाड्यात तांडेल राहत नाही. आणि ज्यानं जीव वाचवला त्याला उघड्यावर सोडून जाणारा माणूस माणूस राहत नाही.

"मंग असा करू," तो म्हणाला. "देत नाय. ठेवायला देतो. दर साली नारली पुनवेला दर्याला नारल देयाला जाताना मी इथं येन नि काठी मागंन. तुमी बोलायचा, 'यंदा ऱ्हाऊ द्या, पुढच्या सालाला बगू.' म्हंजे काठी माझी ती माझीच, नि तुमचा छप्पर तो तुमचाच."

भीमराज पहिल्यांदाच हसला. "मागा की. आमी द्येनार न्हाई."

"देवच नका," लहू म्हणाला.

झालं. असा माझा करार झाला. मला कुणी विचारलं नाही.

आता खरं सांगते, पहिली दोन वर्षं मी फार कुढले. उभं राहायचा जन्म माझा, आणि मला आडवी केली! त्यात माझं शेंड्याकडचं टोक बारीक. ते भिंतीवर नीट बसेना, म्हणून भीमराजनं त्याच्याखाली एक चपटा दगड सारला. तरी देवळाचं छप्पर आजही रस्त्यावरून जरा कलतं दिसतं. लोक हसतात. हसू देत.

पण हळूहळू मला इथली गोडी लागली. होडीत मी तीन माणसं सांभाळत होते, इथे साठ. माझ्याखाली लग्नं लागली, बाप्तिस्मे झाले, माझ्याखाली ठेवून माणसांना शेवटचा निरोप दिला. नाताळात माझ्यावर दोरी टाकून कागदाचा चांदणीदिवा टांगतात, तेव्हा मी श्वास रोखून धरते. माणसांच्या खोडीही मला पाठ झाल्या. प्रार्थना लांबली की अर्धे लोक डोळे मिटून झोपतात आणि उरलेले हळूच वर, माझ्याकडे, बघतात. कुणाच्या मनात काय चाललंय ते पाळकांच्या आधी मला कळतं. पेटीवर अनुपमा बसायची, भीमराजची मुलगी, म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण. गाणं चुकलं की ती पेटीवरूनच अशी बघायची की पुढच्या कडव्याला सगळे सुरात.

आणि तेलाची गोष्ट सांगायलाच हवी. पावसाळ्याआधी लहू तांडेल शिडी लावून वर चढायचा आणि मला माशाचं तेल चोळायचा, होडीला चोळतात तसंच. काठी त्याची, मग काळजी त्यानंच घ्यायची. त्याच्या पुढच्या रविवारी सगळं देऊळ असं काही दरवळायचं की पाहुणे पाळक उपदेश आवरता घ्यायचे. मंडळींना त्या रविवाराची मोठी हौस. मला वाळवी लागली नाही ती त्या तेलामुळे, आणि त्या रविवारी कुणी पेंगलं नाही तेही त्यामुळेच.

पुनवेला लहू यायचा. डोक्यावर कोळ्यांची लाल टोपी, हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, मागे कोळीवाड्याची माणसं. दारात उभा राहून खणखणीत आवाजात विचारायचा, "पाळकसायेब, आमची काठी देताव काय?" पाळक म्हणायचे, "यंदा राहू द्या तांडेल, पुढच्या सालाला बघू." मग पाळक होड्यांसाठी, खलाशांसाठी प्रार्थना करायचे, खाणवाले आमेन म्हणायचे आणि कोळी वाजतगाजत खाडीकडे जायचे. नारळ दर्याचा, प्रार्थना देवळाची, कुणाचं कुणाला अडलं नाही.

मेथडिस्टांचा पाळक म्हणजे बदलीचा माणूस. तीन-चार वर्षं झाली की चालला दुसऱ्या गावी. नवे पाळक आले की भीमराज त्यांना विहीर दाखवायचा, गळणारी कौलं दाखवायचा आणि पुनवेचं उत्तर शिकवायचा. कधी चूक झाली नाही.

मध्ये काळ बदलला. खाण बंद पडली, तिथे चार मजली इमारती आल्या, त्यांच्यावर टीव्हीचे अँटेना आले. लहूनं वादळानंतर दुसरी होडी बांधली होती, दुसरी काठी लावली होती. पण त्याचा मुलगा चंदू मोठा झाला आणि होडीला इंजिन बसलं. शीड माळ्यावर गेलं. ती दुसरी काठी बोंबील वाळत घालायच्या वलांडीला आडवी बांधली गेली. इंजिनाच्या होडीत म्हाताऱ्याला काय विचारायचं? डिझेल किती टाकायचं ते चंदूला कळत होतंच. लहू किनाऱ्यावर बसून जाळी विणू लागला. फक्त पुनवेला लाल टोपी घालून तो इथे यायचा, तेव्हा त्याची पाठ पूर्वीसारखी ताठ असायची.

शहाऐंशी साली सहदेव उजागरे नावाचे नवे पाळक आले. तरुण, प्रामाणिक, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. भीमराज तेव्हा गुडघ्यांनी बेजार होता. त्याला वाटलं, अनुपमानं साहेबांना पुनवेचं सांगितलं असेल. अनुपमाला वाटलं, बाबांनी सांगितलं असेल. दोघांनीही सांगितलं नव्हतं.

त्यातून योग असा की आदल्याच रविवारी पाळकांनी जक्कयावर उपदेश केला होता. जक्कय जकातदार येशूला म्हणाला, मी ज्याचं काही घेतलं असेल त्याला चौपट परत देतो. पाळक भावनेच्या भरात म्हणाले होते, "बंधूंनो, दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात असेल तर आजच परत करा." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मीही ऐकलं होतं. मला काय माहीत ते माझ्यावरच शेकणार आहे!

पुनवेच्या दिवशी लहू दारात आला. "पाळकसायेब, आमची काठी देताव काय?"

"कुठली काठी, आजोबा?"

लहू जरा चपापला. तरी हात वर करून त्यानं मला दाखवलं. "ही. आमचे होडीची. केवढी वर्सं झाली मागताव."

सहदेव पाळकांचा चेहरा उतरला. गरीब म्हाताऱ्याची वस्तू देवळानं दाबून ठेवलीय, आणि तो बिचारा वर्षानुवर्षं दारात येऊन मागतोय! त्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं होतं माणसाच्या.

"आजोबा, आमची चूक झाली. तुमची वस्तू तुम्ही घेऊन जा. आजच घेऊन जा."

ताशा वाजत होता तो थांबला. लहूनं एकदा माझ्याकडे बघितलं. मागितलेलं दिलं, तर नको कसं म्हणणार? आणि पुनवेच्या दिवशी मिळालेलं नाकारू नये, हा कोळ्यांचा रिवाज. त्यानं टोपी काढली, हातात धरली आणि "बरं" म्हणून वळला. त्या दिवशी होड्यांसाठी प्रार्थना झाली नाही.

मी काय म्हणाले ठाऊक आहे? मी मनात म्हणाले, चला, दर्या! इतक्या वर्षांनी पुन्हा शीड, पुन्हा वारा! मी इतकी हरखले की त्या म्हाताऱ्याचा चेहरा माझ्या लक्षातच आला नाही.

भीमराज लंगडत लंगडत देवळात पोचला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्यानं कपाळावर हात मारला. "आवं साहेब, काय केलंत ह्ये!"

"जे खरं तेच केलं, काका."

"आवं, त्यो मागायला येतो. न्यायला न्हाई येत!"

मग त्यानं पायरीवर बसून सगळी हकिकत सांगितली. पाळक ऐकत गेले आणि पांढरे पडत गेले. ऐकून होताच तडक कोळीवाड्यात गेले, माफी मागायला. परत आले ते मान खाली घालून. लहू घराबाहेर आलाच नाही म्हणे. बोलली ती त्याची बायको अंजनाबाई, मासळीबाजारात जिच्या आवाजानं गिऱ्हाईक दचकतं ती. पाळकांनी तिचं बोलणं जसंच्या तसं भीमराजला सांगितलं.

"तुमी दिली, आमी नेनार. आता शब्द परत घेव नका. पन एक सांगते. तो काठीसाठी नाय यायचा. त्याची होडी पोराची झाली, त्याला घरात कोन इचारत नाय. काठी मागतो तोवर तो तांडेल हाय. तुमी दिली नि त्याचा तांडेलपन संपवला."

माझा दर्या वगैरे सगळा उतरला होता.

पावसानं उघडीप दिली तेव्हा चंदू आणि कोळीवाड्याचे तरुण दोर घेऊन आले. कौलं उतरवली, वासे उतरवले, मग मला. चर्चच्या बायका ओट्यावर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. उघड्या भिंतींवर आभाळ दाटून आलं होतं. तेवढ्यात अंजनाबाई डोक्यावर भलंमोठं गाठोडं घेऊन आली आणि पाळकांच्या पुढ्यात टाकलं. माळ्यावरचं जुनं शीड होतं.

"बांदा वर," ती म्हणाली. "भांडन काठीचा हाय, पावसाचा नाय."

तो रविवार शिडाखाली झाला. मी तिथे नव्हते. नंतर ऐकलं की गाताना वारा आला आणि शीड फुगलं, तेव्हा अनुपमाची बोटं पेटीवर थांबली होती.

मी कोळीवाड्यात होते. लहूच्या अंगणात दोन पिंपांवर आडवी. समोर खाडी, आणि खाडीत एकसुद्धा शीड नाही. नुसती फटफट करणारी इंजिनं. मला उभी करायला कुठल्याच होडीत भोक नव्हतं. चंदूनं माझ्यावरून हात फिरवला. "लाकूड चांगला हाय. दसऱ्यानंतर वलांडीला लागंल."

बोंबील! साठ माणसांचं छप्पर सांभाळलेली मी, आणि माझ्यावर बोंबील वाळणार! मी कधी रडले नव्हते, अगदी वादळातही. त्या दिवशी मात्र उन्हात माझ्या अंगातून जुनं तेल पाझरलं, ते रडणंच म्हणा.

लहू सकाळी बाहेर यायचा, माझ्या बुंध्यावर हात ठेवायचा आणि आत जायचा. जाळं विणायचंही त्यानं सोडलं होतं. "जेवत नाय," अंजनाबाई शेजारणीला सांगत होती. माझ्यासारखीच गत होती त्याची. दोघांनाही आता कुणी मागत नव्हतं.

पुढच्या रविवारी उपासना संपली आणि खडीपाड्याची सगळी मंडळी कोळीवाड्यात आली. पुढे सहदेव पाळक, त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन भीमराज, मागे अनुपमा, बायका, पोरं. लहूच्या अंगणात येऊन थांबली. कोळीवाडा भराभर गोळा झाला. लहू दारात आला, बनियनवर, टोपीशिवाय.

पाळकांनी हात जोडले आणि मोठ्यानं विचारलं, "तांडेल, आमचं आढं देता काय?"

आजोबा नाही, तांडेल. लहूनं मान वर केली. तो आत गेला. आम्हाला वाटलं, दार लावून घेतो की काय. तो लाल टोपी घालून बाहेर आला. पाठ ताठ. सगळ्यांवर नजर फिरवून, अगदी सावकाश म्हणाला,

"यंदा ऱ्हाऊ द्या. पुढच्या सालाला बगू."

माणूस शिकला होता मात्र. पाळकांनी वाद घातला नाही. "बरं, तांडेल," म्हणाले, खाडीकडे तोंड करून उभे राहिले आणि पुनवेला राहून गेलेली होड्यांची प्रार्थना तिथेच केली. चंदूच्या इंजिनाच्या होडीचंही नाव घेतलं. आमेन झालं तेव्हा कोळ्यांनीही आमेन म्हटलं.

मंडळी परत निघाली. तेव्हा अंजनाबाई पहिल्यांदा फिसकन हसली.

"पुरे झाला आता!" ती नवऱ्याला म्हणाली. "म्हातारा भीमराज गुडघ्यानं मरतो, बग तरी."

"काठी देयाची नाय म्हंजे नाय," लहू गरजला. काय आवाज होता! मला वाटलं पुन्हा वीस वर्षांचा झाला. "तांडेल काठी कोनाला देत नाय. तांडेल काठी चढवतो! चंदू, दोर आन. खडीवाले, तुमचे जवान पोरे बोलवा. काठी माझी, मीच चढवनार!"

आणि मग मी निघाले! कोळीवाड्यातून खडीपाड्यापर्यंत खांद्यांवरून. एका खांद्यावर कोळी, पुढच्या खांद्यावर खाणवाला, आणि पुढे लाल टोपी. रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या, इमारतींच्या गॅलऱ्यांत माणसं आली. "कसली मिरवणूक?" कुणीतरी विचारलं. "काठीची," पाळक म्हणाले. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण तेव्हा उघडं होतं, आणि खांद्यावर माझं बारीक टोक होतं.

देवळाच्या भिंतीवर लहू चढला. चंदू "बाबा, नको," म्हणत होता, तो ऐकतोय कशाला! वरून त्यानं हुकूम सोडले. "ओढा! होऽ! हालू नका! हां, आता ओढा!" खाणवाल्यांचे दोर एका बाजूला, कोळ्यांचे दुसऱ्या. चंदू ओढत होता, बापाकडे तोंड वर करून बघत होता. त्यानं बापाला हुकूम देताना कधी पाहिलंच नसावं. मी वर गेले. भीमराजनं खालून सांगितलं, "चपटा दगड इसरू नगा." तो दगड लहूनं स्वतःच्या हातानं माझ्या बारीक टोकाखाली सारला, आणि माझ्या बुंध्यावर थाप मारली. "घाबरू नको," म्हणाला.

मी कुठे घाबरत होते! होडीत होते तेव्हा मला उभं राहण्याचा गर्व होता. त्या दिवशी आडवी होताना जो गर्व वाटला, त्याच्यापुढे तो काहीच नव्हता.

पुढची पुनव आली आणि सगळं रीतसर झालं. लहूनं मागितलं, पाळकांनी दिलं नाही. कोळीवाड्यात आता चंदू डिझेल टाकायच्या आधी बापाला वाऱ्याचं विचारायचा. खरोखर गरज होती की नाही कोण जाणे, पण विचारायचा.

आता एकोणनव्वद साल चालू आहे. या शिमग्यानंतर लहू तांडेल गेला. त्याच्यासाठी आमची घंटा वाजवली. तो आमच्या मंडळीतला नव्हता, तरी कुणी हरकत घेतली नाही. उन्हाळ्यात सहदेव पाळकांची बदली झाली. जाताना त्यांनी नव्या पाळकांना किल्ल्या दिल्या त्या नंतर. आधी त्यांना माझ्याखाली उभं केलं, बोट वर करून मला दाखवलं आणि पुनवेचं उत्तर पाठ करून घेतलं.

पुनव आली. मंडळी सकाळपासून दारात. भीमराज पायरीवर, काठी टेकून. माझ्यासारखी नव्हे, साधी, वेताची. सगळ्यांच्या मनात एकच होतं, की आता मागायला येणार कोण? तांडेल तर गेला. मी वर पडल्या पडल्या विचार करत होते. मला कुणी मागितलं नाही तर छप्पर काही पडणार नाही. मी अशीच राहीन. पण मग मी डोलकाठी राहणार नाही. नुसतं आढं होईन.

ताशा ऐकू आला. रस्त्याच्या वळणावर लाल टोपी दिसली. भीमराज उठून उभा राहिला. चंदू होता. बापाची टोपी त्याला जरा सैल होत होती, हातात नारळ, मागे अंजनाबाई. दारापर्यंत आला आणि लाजून थांबला. आईनं पाठीत ढोसलं.

"बोल रे. तांडेल हाय ना तू?"

चंदूनं वर बघितलं, थेट माझ्याकडे. वलांडीची आठवण त्यालाही झाली असणार. खाकरला आणि म्हणाला, "पाळकसायेब, आमची काठी देताव काय?"

नवे पाळक चुकायच्या भीतीनं एवढ्या मोठ्यानं ओरडले, "यंदा राहू द्या तांडेल, पुढच्या सालाला बघू!" की माझ्यावरची कबुतरं उडाली. सगळे हसले. भीमराज हसता हसता डोळे पुसत खाली बसला.

तर अशी मी. मोडले नाही, विकले गेले नाही, कुणी मला कायमची दिलीही नाही. तुम्ही कधी खडीपाड्याला आलात तर आत या, वर बघा, लांब प्रार्थनेत बघा वाटल्यास. माझं एवढंच मागणं आहे. कुणी दारात येऊन मला मागितली, तर देऊ नका. आणि एखाद्या पुनवेला कुणी आलंच नाही, तर दार लावून घरी जाऊ नका. कोळीवाड्यात जा आणि हाक मारा. म्हणावं, तांडेल, यंदा काठी मागायला आला नाहीत? आमचं उत्तर कधीचं तयार आहे.